शुक्रवारचा पाव आणि चौदा मिनिटं

आम्ही अकरा जण मोज्यांवर उभे होतो.

बूट दाराबाहेर रांगेत काढून ठेवलेले. फ्लेमिंग ब्रास्क हा नगरपालिकेतल्या आमच्या संगणक विभागाचा प्रमुख. त्याच्या डाव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. तो अंगठासुद्धा भाविकपणे स्थिर होता. काचेपलीकडे, सर्व्हरच्या खोलीत, यंत्र बरं करायला बाहेरून बोलावलेला वाल्डेमार ल्युंग काळ्या कपाटावर दोन्ही तळवे टेकून डोळे मिटून उभा होता.

"रडतंय," आतून आवाज आला.

लिस्बेतने माझं कोपर धरलं. "ऐकलंस आस्गर? रडतंय म्हणतायत."

"पंखा आहे तो," मी म्हणालो.

मनात म्हणालो. या गोष्टीत मी जे जे शहाणपणाचं बोललो ते सगळं मनात बोललो, हे आधीच सांगून ठेवतो.

मग ल्युंगने आमच्याकडे पाहून मान हलवली आणि काचेवरचा पडदा ओढून घेतला. आता तेहतीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचं नाही, कोणी संगणकाला हात लावायचा नाही. यंत्राला विसावा. तेहतीसच का, हे कोणी विचारलं नाही. तेहतीस मिनिटांनी पडदा उघडला, ल्युंग घामेजल्या चेहऱ्याने बाहेर आला, लिस्बेतने एक पान उघडून पाहिलं आणि ती किंचाळलीच. "बरोबर आहे! सगळी नावं बरोबर!"

टाळ्या. मोज्यांवर उभ्या अकरा माणसांच्या टाळ्या.

आता आमच्याबद्दल. स्कोवहाउन हे डेन्मार्कमधल्या जटलंडच्या किनाऱ्यावरचं लहान गाव. आमच्या चर्चमध्ये नाताळ सोडला तर नऊ म्हाताऱ्या आणि एक पाद्री असतो. देवाचं नाव काढलं की आम्ही हसतो. भूत, भविष्य, हात बघणारे, सगळ्यांना हसतो. आणि आमच्यात कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. साहेबाला नाही, डॉक्टरला नाही, मंत्र्याला नाही. राजघराण्यापुरतं ते राखून ठेवलंय.

ल्युंगला दुसऱ्या भेटीपासून सगळे अहो म्हणू लागले.

त्याचं प्रवचन, जसंच्या तसं

"यंत्राला स्मृती असते. स्मृतीला मन असतं. मन मळतं."

पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं आहे. तिसरं दुसऱ्याच्या खांद्यावर बसून आत आलं.

"तुम्ही लोक यंत्राला आज्ञा देता. मी त्याचं ऐकतो."

"म्हणजे नक्की काय करता हो?" एकदा तोवेने विचारलं होतं. तोवे आगरस्कोव, वय अठ्ठावन्न, सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा चौघांतली सगळ्यात जुनी. ही सगळी यंत्रणा तिनेच उभी केलेली. तिचं ते 'हो' आदराचं नव्हतं, आणि ते ल्युंगला कळलं.

"जे ऐकू येतं ते सांगता येत नाही," ल्युंग म्हणाला.

"मग पावती कशाची फाडता?"

कोणी हसलं नाही. मी हसलो. मनात.

रोग

गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी नगरपालिकेच्या सेविका जातात. कोणाकडे किती वाजता, कोणतं औषध, किल्ली कुठे, हे सगळं त्यांना हातातल्या फोनवर दिसतं. ती पानं आमचा सर्व्हर देतो. दर वेळी मोठ्या कोठारात जाऊन शोधायला वेळ लागतो, म्हणून तो एकदा तयार केलेली पानं हाताशी ठेवतो आणि मागितलं की तीच पुढे करतो. या आयत्या साठ्याला आमच्या धंद्यात कॅश म्हणतात. साठा शाबूत असेल तर सगळं झटपट. साठा बिघडला तर काय होतं, ते सांगण्यापेक्षा दाखवतो.

आक्सेल नोरलुंड, वय एक्क्याऐंशी, निवृत्त कोळी, काठी घेऊन रोज धक्क्यापर्यंत चालत जाणारा. मधुमेह नाही. सकाळी हृदयाची एक गोळी, त्यानंतर लोणी लावायचं आणि वर चॉकलेटची पातळ चकती ठेवायची, पाव कोमट असतानाच, कारण गार पावावर चकती विरघळत नाही आणि फ्लेमिंगला ते आवडत नाही.

वाक्य तुटलं असं वाटलं? तुटलं असतं तर बरं होतं. तुटलेलं दिसतं. हे जुळलंय. वरती आक्सेलचं नाव आहे, खाली भलत्याच पानाचा, आमच्या शुक्रवारच्या पावाच्या सूचनांचा, मजकूर आहे, आणि वाचणारी सेविका घाईत आहे.

मार्चमधल्या एका शुक्रवारी आक्सेलच्या नावाखाली दुसऱ्या कोणाच्या तरी साखर उतरवायच्या गोळ्या आल्या. सेविकेने दिल्या. आक्सेलने घेतल्या, कारण तो आयुष्यभर सांगितलेलं ऐकणारा माणूस. दोन तासांनी न्हाणीघरात पडला. खुबा मोडला. धक्क्यावर तो नंतर कधी गेला नाही.

त्यानंतर फ्लेमिंगने ल्युंगला बोलावलं.

हात ठेवा

ल्युंग आला की यंत्र बरं व्हायचं. शुक्रवार उजाडला की पुन्हा बिघडायचं. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "मी मळ काढतो. पण मळवणारा इथेच आहे."

त्याने आम्हा चौघांना खोलीत घेतलं. आम्ही चौघंच सर्व्हरचं काम बघायचो. फ्लेमिंग, लिस्बेत, तोवे आणि मी. ल्युंग कपाटाच्या मागे उभा राहिला.

"एकेकाने हात ठेवा. मन रिकामं करा. यंत्र बोलेल."

फ्लेमिंगने ठेवला. शांत. लिस्बेतने डोळे मिटून ठेवला. शांत. मी ठेवला. शांत. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. खोटं आहे हे माहीत असूनही हायसं वाटलं.

तोवेने ठेवला.

सगळे पंखे एकदम गर्जले. विमान उडताना जसं कान भरून येतात तसं. लिस्बेत दोन पावलं मागे सरली.

"बाई गं," ती म्हणाली.

तोवेने हात काढला नाही. ती माझ्याकडे बघत होती. फक्त माझ्याकडे. कारण तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. कपाटातल्या सर्व्हरचं झाकण मागून बोटभर सरकवलं की पंखे पूर्ण वेगाने फिरतात. यंत्राला वाटतं कोणीतरी आपल्याला उघडलंय, आता तापू, म्हणून ते वारा वाढवतं. हे पहिल्या वर्षी शिकवतात. मला तोवेनेच शिकवलं होतं, एकवीस वर्षांपूर्वी, त्याच खोलीत.

"आस्गर?" ती म्हणाली.

मी माझ्या मोज्यांकडे पाहिलं. राखाडी होते.

"मला नाही वाटत हे कोणा एकामुळे असेल," असं काहीतरी मी म्हणालो. हळू. पंख्यांच्या आवाजात. म्हणजे न म्हटल्यासारखंच.

आणि मग लोकांना सगळं आठवू लागलं. लिस्बेतला आठवलं की तोवे कधी मिसळत नाही. फ्लेमिंगला आठवलं की शुक्रवारच्या पावाला ती कायम उशिरा येते. आमच्याकडे शुक्रवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी सगळा विभाग एका टेबलाशी बसतो. ताजे पाव, लोणी, चीज, चॉकलेटच्या चकत्या. ज्याची पाळी तो आणतो, फ्लेमिंग पहिला पाव कापतो, मग बाकीचे. या टेबलाला उशीर म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आमच्याकडे कामात चूक केलीत तर लोक समजून घेतात. पावाला उशीर केलात तर तुम्हाला आम्ही नकोसे झालो, असा अर्थ.

"तिची सर्व्हरची पाळी असली की ती सव्वानवाच्या आत कधी उगवत नाही," लिस्बेत म्हणाली. "एकटीच खोलीत बसते. काय करते कोण जाणे."

"मला आधीच जाणवलं होतं," ल्युंग म्हणाला.

तोवेला काढलं नाही. आम्ही सुसंस्कृत लोक आहोत. तिला 'लवकर विसावा' देण्यात आला. निरोपाचा दिवस शुक्रवार ठरला. टेबलावर छोटे कागदी झेंडे लावले, वाढदिवसाला लावतात तसे. नेमकी त्या दिवशी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायची पाळी तिचीच होती. फ्लेमिंगने भाषण नऊ वाजून सहा मिनिटांनी केलं. तिच्याशिवायच केलं. ती सव्वानऊला आली तेव्हा टोपलीत पावाचा चुरा उरला होता आणि झेंडे गोळा करायला सुरुवात झाली होती.

"सगळं नीट सुरू झालंय," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारपर्यंत काळजी नाही."

लोकांना वाटलं, शाप दिला.

पुन्हा सुरू

तोवे गेली आणि यंत्र बरं झालं, असं आता तुम्हाला वाटत असेल. आम्हालाही वाटलं.

सात शुक्रवार गेले. सातही वाईट. पूर्वी महिन्यातून एखादा तरी सुखाचा आठवडा जायचा, तोही गेला. ल्युंग म्हणाला, तिची सावली अजून खोलीत आहे. सावलीसाठी वेगळा विधी होता. बूट काढायचेच, शिवाय घड्याळंही काढायची.

आठव्या गुरुवारी दोर्ते राउन आली. ती घरोघर जाणाऱ्या सेविकांची मुख्य परिचारिका. रुंद खांद्यांची, बोलायला तिखट. आक्सेलला चुकीच्या गोळ्या देणारी मुलगी तिच्याच हाताखालची, आणि ती मुलगी त्या दिवसापासून कामावर आली नव्हती. दोर्ते बूट न काढता आत शिरली.

"अगं बूट!" लिस्बेत ओरडली.

"पाय माझे आहेत. तुझं यंत्र नाकाने चालतं का?"

तिने टेबलावर एक शाळकरी वही टाकली. चुकीच्या पानांची प्रत्येक तक्रार तिने त्यात टिपली होती. तारीख, वेळ, कोणाचं पान.

"ताप आलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न काय विचारतो?" ती म्हणाली. "कधीपासून. इतके महिने तुमचं यंत्र फणफणतंय. तुमच्यापैकी एकाने तरी तारखा मांडल्या?"

फ्लेमिंगने घसा साफ केला. "ल्युंगसाहेब म्हणतात की..."

"साहेब? राजा कधी झाला तो?" तिने वही उघडली. "सगळ्या तक्रारी शुक्रवारी नऊनंतर सुरू होतात, चार-पाच दिवसांत विरतात. पण सगळे शुक्रवार सारखे नाहीत. हे तेवीस शुक्रवार. पहिल्या सोळात चार कोरे आहेत. एकही चूक नाही. शेवटच्या सातात कोरा एकही नाही. कोऱ्या शुक्रवारी काय वेगळं होतं?"

फ्लेमिंगने वही आपल्याकडे ओढली. दोर्तेने ती परत घेतली.

"शुक्रवारी नऊला तुम्ही इथे करता काय?"

"सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करतो," मी म्हणालो. या वेळी तोंडाने. "आळीपाळीने."

"पाळीचा तक्ता?"

तो भिंतीवर होता. दोर्तेने वहीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, आणि मी तक्त्यावर.

"चौथा शुक्रवार. कोरा."

"तोवे."

"आठवा. कोरा."

"तोवे."

"बारावा."

माझं बोट त्या नावावर थांबलं. तिने स्वतःच येऊन पाहिलं. तोवे. सोळावा, झेंड्यांचा शुक्रवार, तोवे. दोर्तेने टाचणी उपटून तक्ताच खाली घेतला. त्याच्या मागे पिवळा पडलेला कागद होता. तोवेच्या बारीक अक्षरात एकच ओळ. *थांबवा म्हटल्यावर चौदा मिनिटं थांबा, सर्व्हर पानं लिहून ठेवत असतो, लाल बटण दाबू नका.*

त्या कागदावर पाळीचा तक्ता लावणारा हात माझा होता.

मिनिट

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दोर्तेने सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीत उभं केलं. ल्युंगलाही. हातात अंडी उकडताना लावतात तसलं छोटं घड्याळ.

"आस्गर, नेहमी करतोस तसंच कर. काही सुधारू नकोस."

नऊ. मी 'थांबवा' दाबलं. संगणकाच्या पडद्यावर अक्षरं आली, 'थांबत आहे'.

मिनिट एक. थांबत आहे.

मिनिट दोन. थांबत आहे. बाजूच्या खोलीतून पावाचा वास.

मिनिट तीन. फ्लेमिंगने सवयीने मनगटाकडे पाहिलं. घड्याळ अजून विधीच्या टोपलीतच होतं.

मिनिट चार. "अडकलंय ते," लिस्बेत म्हणाली. "दाब ना रे लाल. पाव गार होतायत."

मी 'ताबडतोब थांबवा' लिहिलेलं लाल बटण दाबलं. पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं. एवढंच आम्ही करत होतो. तिघंही, दर वेळी. सर्व्हर आपला साठा वहीत उतरवून घेत असायचा, कोणत्या नावाचं पान कुठे ते लिहीत असायचा, आणि आम्ही अर्ध्या ओळीवर त्याच्या हातातलं पेन हिसकायचो. उठल्यावर तो तीच अर्धी वही वाचायचा.

"आता एक पान उघड," दोर्ते म्हणाली. "फ्लेमिंग, तुझी आई आमच्याकडेच आहे ना? गेर्डा ब्रास्क. तिचं उघडू."

"तिचं कशाला?"

"का? इतरांच्या आया वेगळ्या असतात?"

मी उघडलं. वर नाव, गेर्डा ब्रास्क. खाली तीन ओळी. *भेटी बंद. मृत्यूची नोंद झाली. घराची किल्ली परत घेतली.*

फ्लेमिंगने खिशातून फोन काढला. आईला लावला. आईने सहाव्या घंटेला उचलला. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. आज बाई अजून का आली नाही, असं ती विचारत होती.

"ती यायची नाही," दोर्ते म्हणाली. "पानावर तुझी आई मेलेली आहे." फोनमध्ये नाही, फ्लेमिंगकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तिच्या एका सेविकेला फोन करून तिने गेर्डाबाईंकडे पाठवलं. तेवढी ती माणूस होती.

त्यानंतर बिघडलेला साठा पुसून, सर्व्हर चालू करून, पुन्हा पहिल्यापासून. 'थांबवा'. या वेळी पाच, सहा, सात. नऊ मिनिटं हा फार मोठा काळ असतो, मोजून बघा. अकरा. बारा. कोणी पावाचं नाव काढलं नाही. चौदाव्या मिनिटाला पडद्यावर आपोआप आलं, 'थांबला'. सुरू केलं. गेर्डा ब्रास्क, सकाळी आठ आणि दुपारी बारा, रक्तदाबाची गोळी, किल्ली शेजारी. जिवंत.

"आणि हे?" फ्लेमिंग ल्युंगकडे वळला. आवाजात अजून भक्तीचा गाळ होता. "हे तर बरं करत होते ना?"

सर्व्हरवर काय काय टंकलं जातं, ते सर्व्हर स्वतः टिपून ठेवतो. मी ल्युंगच्या शेवटच्या भेटीची नोंद छापून आणली होती. मोठ्याने वाचली. पहिल्या मिनिटाला 'थांबवा'. पंधराव्याला साठ्याची फाइल पुसायची एक ओळ. मग 'सुरू करा'. पडद्याआड केलेला सगळा विधी एवढाच. पुसला की साठा कोरा, कोरा की पानं ताजी. कोणीही करू शकलं असतं.

"मग उरलेला वेळ?" दोर्तेने विचारलं.

"ध्यान," ल्युंग म्हणाला.

मी पुढची ओळ वाचली. त्या खोलीतल्या संगणकावर त्या वेळात एकोणीस उन्हाळी घरांच्या जाहिराती पाहिल्या गेल्या होत्या. समुद्र दिसणाऱ्या.

मग मी कपाटाच्या मागे गेलो आणि झाकण बोटभर सरकवलं. पंखे गर्जले. या वेळी कोणी मागे सरलं नाही. सगळ्यांनी मान खाली घातली, आणि खाली तेच मोजे.

ल्युंग बूट घालून गेला. त्याला कोणी अडवलं नाही. ऐकलंय की शेजारच्या गावात त्याची फार वाखाणणी चालू आहे. लिस्बेत अजून म्हणते, "झाकणाचं ठीक आहे रे, पण त्यांच्या हातात काहीतरी होतंच."

उरलेलं

आता सरळ सांगतो. यंत्र रडत नाही, माणूस ओळखत नाही, कोणाला स्वीकारत किंवा नाकारत नाही. ते बिघडलं तर कधी बिघडलं ते लिहा, तेव्हा कोण काय करत होतं ते लिहा, दोन्ही कागद शेजारी ठेवा. पडद्याआड बरं करणाऱ्याला पडदा उघडून करायला सांगा. आणि कोणी दोषी म्हणून माणसाकडे बोट दाखवलं, तर त्याचा दुसरा हात कपाटामागे काय करतोय ते बघायला जा. बघितलंत तर मोठ्याने बोला. मनात बोललेलं सत्य कोणाला वाचवत नाही. ते फक्त बोलणाऱ्याची झोप वाचवतं, आणि तेही फार दिवस नाही.

फ्लेमिंगने तोवेला पत्र पाठवलं. परत ये, असं. उत्तर आलं नाही.

त्यापुढच्या शुक्रवारी मी टोपलीतले चार पाव कागदात गुंडाळून तिच्या घरी गेलो. किनाऱ्याकडून वारा सुटला होता. तिने दार उघडलं, पुडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला माहीत होतं, तोवे," मी म्हणालो. "पंख्यांचं."

"मला माहीत होतं की तुला माहीत होतं."

"बोलायचंय."

"चौदा मिनिटं थांब," ती म्हणाली. "मग उघडते." आणि दार लावून घेतलं.

मी पायरीवर उभा राहिलो. पाव छातीशी धरले, गार होऊ नयेत म्हणून. आतून कसलाच आवाज येत नव्हता. एक मिनिट, दोन, पाच. बोटं बधिर झाली. शेजारची बाई खिडकीतून बघत होती. सात. तोवे विसरली असेल, असं वाटलं. काहीतरी अडकलं असेल, असं वाटलं.

नवव्या मिनिटाला मी पुन्हा घंटा दाबली.